चूळ भरा, डॉक्टर

सरांच्या दवाखान्यात कुणी काही ठोकून दिलं किंवा पाठ केलेलं बोललं, तर सर रागवायचे नाहीत. खुर्चीला जोडलेल्या छोट्या बेसिनवरचा पेला भरायचे, पुढे करायचे आणि म्हणायचे, "चूळ भरा."

"रोज दोन टाइम ब्रश करतो, सर."

"चूळ भरा."

पेशंट गोंधळून चूळ भरायचा, थुंकायचा, तोंड पुसायचा. सर थांबायचे. मग हळूच खरं बाहेर यायचं. "तसं सकाळचं करतो. पन बाजाराच्या दिवशी ऱ्हाऊन जातं."

"आता बरोबर. आता आ करा."

हे पेशंटपुरतंच नव्हतं. औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, वर्गणी मागायला येणारी मंडळाची पोरं, सरांचे स्वतःचे जावई, सगळ्यांनी त्या बेसिनमध्ये कधी ना कधी चूळ टाकलेली आहे. मी तर इतक्या टाकल्या, की कॅनडातल्या एका डेंटल कॉलेजच्या प्रवेशाच्या इंटरव्ह्यूला बसले तेव्हा माझ्या तोंडात पाठ केलेलं एकही वाक्य शिल्लक नव्हतं.

सर पूर्वी एका डेंटल कॉलेजात कवळ्या कशा बनवायच्या ते शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी कोल्हारला नगर-मनमाड रस्त्यालगत, एका मेडिकल दुकानाशेजारी दवाखाना थाटला. मूळचे ते नगरचे, जुन्या मिशन कंपाउंडातले. रविवारी दवाखाना बंद, कारण रविवारी सर चर्चमध्ये खर्जात गायचे. आठवड्याचे बाकीचे दिवस ते पेशंटच्या कानाशी तेच सूर गुणगुणायचे. त्यांचं म्हणणं, दाढ काढताना डॉक्टरचा श्वास अडकला की पेशंटचाही अडकतो. गाणाऱ्या माणसाचा श्वास अडकत नाही.

माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहायची नाहीत आणि चेहरेही नाहीत. ते माणूस दातांवरून ओळखायचे. लग्नात कुणी समोर येऊन नमस्कार केला, की सर कोऱ्या चेहऱ्याने बघत राहायचे. तो हसला, की लगेच, "अरे, तुम्ही होय. वरची डावीकडची दाढ कशी आहे?" मयताला गेले की मात्र त्यांची पंचाईत व्हायची. तिथे कुणी हसत नाही, त्यामुळे सर तास तास उभे राहायचे आणि घरी येऊन बायकोला, म्हणजे आमच्या मॅडमना, विचारायचे, "कोण कोण आलं होतं?"

त्यांच्या चर्चच्या पाळकसाहेबांच्या पुढच्या दोन दातांत फट होती. उपदेश करताना 'स' आला की बारीक शिट्टी वाजायची. सरांना ते सहन होईना. एका सोमवारी त्यांनी पाळकसाहेबांना बोलावून घेतलं आणि फट बुजवून टाकली. पुढच्या रविवारी उपदेश स्वच्छ झाला. चर्चमधली निम्मी म्हातारी माणसं झोपली. नंतर दोन जणांनी सरांना बाजूला घेऊन विचारलं, ती शिट्टी परत बसवता येईल का. सर हे सांगताना हसायचे नाहीत. "मी विचार केला," म्हणायचे. "पण पाळकसाहेब तयार होईनात."

मी त्यांच्याकडे नोकरी मागायला गेले तेव्हा बीडीएस होऊन थोडेच महिने झाले होते. आमचं घर सुप्याला, पप्पा तिथल्या एमआयडीसीत कामाला. कोल्हारला मावशी राहायची, म्हणून मी तिकडच्या दवाखान्यांत विचारत होते. सरांनी आत बोलावलं. मी फाइल पुढे केली, ती त्यांनी उघडलीच नाही. उलट भुईमुगाच्या शेंगांनी भरलेलं एक ताट माझ्यापुढे सरकवलं.

"सोला," म्हणाले. "दाणा फुटू द्यायचा नाही. आणि सोलता सोलता सांगा, दातांकडे कशा वळलात?"

मी सोलायला लागले. म्हणाले, "लहानपणापासून मला लोकांची सेवा करायची..."

पेला पुढे आला. "चूळ भरा."

मला वाटलं, हा काही तरी तपासणीचा प्रकार असेल. मी चूळ भरली.

"आता सांगा."

मी खरं ते सांगून टाकलं. "एमबीबीएसला मार्क कमी पडले."

"हं," सर म्हणाले आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "बहुतेकांचे पडतात. माझेही पडले होते. मग आता का राहिलात?"

याचं उत्तर मला तेव्हा आलं नाही. मी शेंगा सोलत राहिले. सरांनी थोडा वेळ माझ्या हातांकडे बघितलं आणि म्हणाले, "सोमवारपासून या. उत्तर सावकाश द्या."

शेंगांचा प्रकार त्यांनी कॉलेजातूनच आणला होता. 'नीट' या प्रवेशपरीक्षेवर सगळं ठरायला लागायच्या आधी त्यांच्या कॉलेजात मुलाखती व्हायच्या, आणि सर निवड समितीत बसायचे. बाकीचे सभासद सामान्यज्ञान विचारायचे, वडील काय करतात ते विचारायचे. सर ताट सरकवायचे. बोलायला लागल्यावर ज्याचे हात थांबतात तो त्यांच्या मते दातांचा डॉक्टर होत नाही. कारण हात आणि तोंड एकाच वेळी चाललं नाही तर पेशंट घाबरतो. "आणि जो सोललेले दाणे एकटाच खातो," ते पुढे म्हणायचे, "त्याला मी राजकारणात जायचा सल्ला द्यायचो."

त्यांचं स्वतःचं तोंड कसं चालायचं ते बघण्यासारखं होतं. पेशंटच्या गालात कापूस कोंबलेला, जिभेवर आरसा, आणि सर विचारायचे, "यंदा ऊस कुणाला घातला?" पेशंट "अं, अं" करायचा. मग सर त्याच्या वतीने स्वतःच उत्तर द्यायचे. "होय ना, तोडणीवाले येतच नाहीत म्हणता? बरोबर आहे. मग तुम्ही काय केलंत? अस्सं." तोवर दाढ ताटलीत पडलेली असायची. पेशंट बाहेर जाऊन आपल्या माणसाला सांगायचा, "डाक्टर लई बोलतो, पन मला बोलू देतो."

मंदाताई ही दवाखान्यातली एकच मदतनीस. हत्यारं उकळणं, नंबर लावणं, सरांचा चष्मा शोधणं आणि सरांना दुपारी जेवायला उठवणं ही सगळी कामं तिची. सर जगात कुणाला भीत असतील तर मंदाताईला. तिच्यासमोर त्यांनी कधी कुणाला चूळ भरायला लावली, आणि तो माणूस लवकर खरं बोलला नाही, तर मंदाताई दारातून म्हणायची, "सर, बाहेर धा मानसं बसल्यात." की सर मुकाट्याने पेला खाली ठेवायचे.

बाहेरदेशी जाऊन शिकायचं माझ्या डोक्यात कॉलेजपासून होतं. परदेशात शिकलेल्या दंतवैद्यांसाठी तिकडे वेगळे अभ्यासक्रम असतात. आधी परीक्षा, मग इंटरव्ह्यू, मग प्रवेश. परीक्षा मी कोल्हारला राहून पास झाले. इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं तेव्हा सरांना सांगितलं. त्यांना माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला. निवड समिती सुटल्यापासून त्यांना माझ्याशिवाय मुलाखत घ्यायला माणूस मिळालं नव्हतं.

"काय विचारतील, सर?" मी विचारलं.

"ते तुम्हाला काय येतं हे बघायला बसलेले नसतात," सर म्हणाले. "ते कागदावर आहेच. ते एवढंच बघतात, की ही बाई हत्यार घेऊन माझ्या तोंडाजवळ आली, तर मी तोंड उघडीन का."

मी त्यांना सांगितलं, की तिकडे आता वेगळी पद्धत आहे. एक मोठी मुलाखत नसते. छोट्या छोट्या खोल्या असतात, प्रत्येक दारावर एक प्रसंग लिहिलेला असतो, तो वाचायचा, आत जायचं, त्यावर बोलायचं, घंटा वाजली की पुढच्या दाराशी. कुठे कुणी चिडलेल्या पेशंटचं सोंग घेऊन बसलेला असतो. कधी कधी हे सगळं व्हिडिओवरच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्यात आले तर जिकडे तिकडे कागद चिकटवलेले. एक्स-रेच्या खोलीवर, संडासाच्या दारावर, शेजारच्या मेडिकलच्या शटरवर. सरांच्या हातात चर्चमधून आणलेली पितळी घंटा. आणि बाकावर बसलेले पेशंट हे परीक्षक.

त्या सकाळच्या परीक्षकांत यमुनाबाई होत्या. त्यांना आम्ही नुकतीच नवी कवळी बसवली होती आणि ती सैल आहे का ते दाखवायला त्या आल्या होत्या. मी त्यांच्यासमोर इंग्रजीत बोलायचं आणि त्यांनी मार्क द्यायचे असं सरांनी ठरवलं. मी घाम गाळत पाच-सात मिनिटं बोलले. यमुनाबाई गंभीरपणे ऐकत होत्या.

"किती मार्क, आजी?" सरांनी विचारलं.

"पोरगी चांगली हाय," यमुनाबाई म्हणाल्या. "पन बोलताना वढणी लई वढती. सासरी गेली तर लोक काय म्हनतील."

सरांनी ते गांभीर्याने घेतलं. "ओढणीला हात लावायचा नाही," मला म्हणाले. "पुढे."

मेडिकलच्या शटरवरच्या प्रसंगात चिडलेला पेशंट होता. ते काम सरांनी बाबुरावअण्णांना दिलं. अण्णा बागाईतदार, पेरूची बाग, आवाज मोठा. सरांनी त्यांना समजावून सांगितलं, की तुमची कॅप महिन्याच्या आत पडली आहे आणि तुम्ही डॉक्टरवर चिडला आहात. अण्णांनी मान डोलावली. मी आत गेले. सुरुवात चांगली झाली.

"डाक्टरीनबाई, ही काय कॅप बसवली का काय? लग्नात जिलबी खाताना पडली."

"सॉरी अण्णा, आपण लगेच..."

"सॉरी काय सॉरी? राती बारा वाजता लाईट देता, सकाळी काढून घेता, मानसानं पानी कधी द्यायचं बागेला? पेरू वाळल्यावर?"

अण्णा कॅप विसरले होते. त्यांना विजेच्या ऑफिसातला माणूस समोर दिसत होता. नदीच्या पुलाकडून येणारे दोघं-तिघं थांबून ऐकायला लागले. मी खुर्ची ओढली, पाण्याची बाटली दिली आणि म्हणाले, "अण्णा, बसा आधी. बाग कितीची आहे?"

अण्णा बसले. पाणी प्यायले. बागेची हकिकत सांगायला लागले. सरांनी घंटा वाजवली तरी ते थांबेनात. नंतर सर मला म्हणाले, "पास. कॅपचं काय झालं ते त्याला आठवतच नाही." अण्णा जाताना सरांना म्हणाले, "परत कधी चिडायचं असलं तर सांगा. मोकळं वाटलं."

असे ते आठवडे गेले. पाठ केलेलं एकेक वाक्य बेसिनमध्ये जात होतं. मी कॅनडात का येऊ इच्छिते, माझा सर्वांत मोठा गुण कोणता, मी संघात कशी काम करते. सगळ्यांची इंटरनेटवर तयार उत्तरं होती आणि सरांना ती लांबूनच ऐकू यायची.

एका दुपारी पेशंट संपले होते. मंदाताई जेवायला घरी गेली होती. सरांनी मला एक्स-रेच्या खोलीत बोलावलं. म्हणाले, "एक प्रश्न दारावर लावलेला नाही. तो तोंडी घेतो."

मी बसले.

"तुम्ही एका दवाखान्यात काम करता. तुमचे वरिष्ठ डॉक्टर आहेत. बरे आहेत. पण हल्ली त्यांचा उजवा हात थरथरतो. पेशंटला अजून कळलेलं नाही. तुम्हाला कळलं आहे. काय कराल?"

मला कळलं होतं. गेले काही दिवस त्यांच्या हातात चहाची बशी वाजायची. अवघड दाढा ते "अनुभव घ्या" म्हणून माझ्याकडे द्यायला लागले होते, आणि मग सोप्याही. पण हे ते स्वतः असं समोर ठेवतील असं वाटलं नव्हतं.

मी पुस्तकातलं उत्तर दिलं. आधी त्यांच्याशी खासगीत बोलीन, पेशंटची सुरक्षितता सगळ्यात आधी, गरज पडली तर वरपर्यंत कळवीन. बोलताना माझं मलाच ऐकू येत होतं, की हे छापील आहे.

सरांनी बाहेरच्या बेसिनकडे बोट केलं. मी उठून गेले. चूळ भरली. तोंड पुसायला मुद्दाम वेळ लावला, कारण डोळेही पुसायचे होते. परत येऊन बसले.

"सर, उद्यापासून तुम्ही हत्यार हातात घ्यायचं नाही. इंजेक्शनसुद्धा नाही. पेशंट तपासायचा तुम्ही, काय करायचं ते ठरवायचं तुम्ही, त्याच्याशी बोलायचं तुम्ही. हात माझा."

"आणि वरिष्ठ ऐकले नाहीत तर?"

"तर मी मंदाताईला सांगीन."

सर असे हसले, की मला त्यांचे स्वतःचे दात पहिल्यांदा सगळे दिसले. "मग ऐकतील," म्हणाले.

थोड्या वेळाने त्यांनीच सांगितलं. नगरला दाखवून झालं होतं. वयाचं आहे, गोळी आहे, थोडं कमी-जास्त होत राहील, बाकी काळजीचं काही नाही. चमच्याने आमटी पिताना सांडते, म्हणून मॅडमनी त्यांना वाटी तोंडाला लावायची परवानगी दिली होती. "चाळीस वर्षं मागत होतो," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून तसंच चाललं. मी दाढ काढायची आणि सर डोक्याशी उभे राहून उसाची चौकशी करायचे. पेशंटना फरक कळला नाही. उलट काही जण म्हणाले, की आता सरांचं लक्ष बोलण्याकडे जास्त असतं, ते बरं वाटतं.

पण मला झोप येईना. मी गेले तर दवाखाना बंद पडणार होता. एका सकाळी मी सरांना म्हणाले, "यंदा मी इंटरव्ह्यू देत नाही. पुढच्या वर्षी बघू."

मला वाटलं पेला पुढे येईल. तो आला नाही. सरांनी विचारलं, "हे माझ्यावरच्या दयेपोटी आहे, की तुमच्या भीतीपोटी?"

मी विचार केला. "दोन्ही."

"चांगलं उत्तर आहे," सर म्हणाले. "तिकडे देऊ नका. आणि दवाखान्याचं मी बघतो. तुम्ही यायच्या आधीही तो माझाच होता."

इंटरव्ह्यू व्हिडिओवर ठरला, आपल्याकडे संध्याकाळ आणि तिकडे सकाळ. मावशीकडे नेट धड चालायचं नाही, म्हणून दवाखान्यातच बसायचं ठरलं. मेडिकलवाल्याने त्याचं इंटरनेट जोडून दिलं. सरांनी मला शब्द दिला, की ते आत येणार नाहीत, दारामागे उभे राहणार नाहीत आणि मंदाताईलाही ऐकत बसू देणार नाहीत.

एकच काळजी होती. दिवस उसाच्या हंगामाचे होते. संध्याकाळी कारखान्याकडे जाणारे ट्रॅक्टर आमच्या दारावरून जायचे, आणि एकेका ट्रॅक्टरवर गाण्यांचे एवढे मोठे भोंगे, की खुर्चीवरची हत्यारं वाजायची.

पण त्या संध्याकाळी एकही गाणं ऐकू आलं नाही. मला त्याचं नवल करायलाही सवड नव्हती. पडद्यावर एक वयस्कर गृहस्थ होते आणि एक चष्मेवाल्या बाई. त्यांनी पहिलाच प्रश्न तो विचारला. दंतवैद्यक का निवडलंत?

मी सांगितलं, की निवडलं नाही, मार्क कमी पडले. बाईंनी मान वर करून बघितलं. मी पुढे सांगितलं, की राहिले मात्र स्वतःच्या मर्जीने. आणि त्यांना यमुनाबाईंची गोष्ट सांगितली. यमुनाबाईंना कवळी बसवली तेव्हा त्यांचा नातू दत्तू सोबत आला होता, चांगला कॉलेजात शिकणारा. कवळी बसल्यावर सर त्यांना म्हणाले, काहीतरी बोला. यमुनाबाईंनी नातवाला हाक मारली, "दत्तू." दत्तू उभाच राहिला. त्याच्या जन्माआधीपासून आजीच्या तोंडात दात नव्हते. तो आजवर आजीसाठी 'हत्तू' होता. म्हणाला, "आजी, परत म्हन." यमुनाबाईंनी परत म्हटलं. आणखी दोनदा म्हटलं. मी म्हणाले, की त्या दिवशी मला कळलं मी इथे का आहे. आणि हे आज पहिल्यांदा मी कुणाला सांगते आहे.

ते गृहस्थ पुढे सरकून बसले. मग त्यांनी विचारलं, 'द' आणि 'ह' मध्ये जीभ कुठे असते. मग आम्ही बराच वेळ जिभेवरच बोललो. थरथरणाऱ्या हाताचा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. ओढणीला मी हात लावला नाही, कारण मी ओढणी घेतलीच नव्हती.

बाहेर आले तर सर रस्त्याच्या कडेला पांढरा ॲप्रन घालून, हातात मोठी बॅटरी घेऊन उभे. थंडीने कान लाल झालेले. मंदाताई पलीकडच्या बाजूला, तिच्याही हातात बॅटरी. दोघांनी मिळून येणारा प्रत्येक ट्रॅक्टर पुलाच्या तोंडाशी अडवला होता आणि दवाखाना मागे पडेपर्यंत टेप बंद करायला लावला होता.

"कुणी ऐकलं कसं?" मी विचारलं.

"येक जन ऐकत न्हवता," मंदाताई म्हणाली. "सर त्याला म्हनले, आत आमच्या मुलीचा इंटरव्ह्यू हाय. तो म्हनला, बघायला आल्यात व्हय? सर म्हनले, व्हय, बघायलाच आल्यात. कॅनडाचे हायत. मग त्यानं टेप बी बंद केला आन मागच्यांना बी त्योच सांगत गेला."

"खोटं काय आहे त्यात?" सर म्हणाले.

चार दिवसांनी सुप्याहून पप्पांचा फोन आला. त्या ट्रॅक्टरवाल्याचा मेहुणा त्यांच्याच कंपनीत होता. "काय गं," पप्पा अतिशय जपून म्हणाले, "स्थळ चांगलं असेल तर आमची हरकत नाही. पण आईला आधी सांगायचं. तिने सगळ्यांसमोर पहिल्यांदा ऐकलं." त्यांना खरं काय ते समजावून सांगायला बराच वेळ लागला, आणि शेवटी त्यांच्या आवाजात थोडी निराशाच होती.

प्रवेश मिळाल्याची ईमेल आली हे मंदाताईने मी सांगायच्या आधीच ओळखलं, माझ्या तोंडावरून. सरांनी पेढे मागवले आणि बाकावरच्या सगळ्यांना वाटले. ज्यांची दाढ तासाभरापूर्वी काढली होती, त्यांनाही. मंदाताईने ते एकेकाच्या हातातून परत काढून कागदात बांधून दिले, उद्या खायचे म्हणून.

दवाखान्याचं सरांनी खरोखरच बघितलं. जामखेडकडचं एक तरुण डॉक्टर जोडपं जागा शोधत होतं. दोघंही दातांचे डॉक्टर, दोघंही गरीब स्वभावाची. सरांनी दवाखाना त्यांच्या हवाली केला, आणि पंधरा दिवस घरी बसले. सोळाव्या दिवशी मॅडमचा मला सुप्याला फोन. "अगं, यांना कुठेतरी लाव. स्वयंपाकघरात येऊन मला विचारतात, पोळी का निवडलीत, भाकरी का नाही."

सरांनी स्वतःच मार्ग काढला होता. त्यांना दवाखान्यात काम हवं होतं. हत्याराला हात न लावता, फक्त पेशंटशी बोलायचं. नवे डॉक्टर म्हणाले, "सर, तुम्ही विचारता काय? दवाखाना तुमचाच आहे." सर म्हणाले, असं चालणार नाही. ओळखीवर त्यांनी कधी कुणाला घेतलं नाही, तेव्हा ते ओळखीवर लागणार नाहीत. रीतसर मुलाखत घ्या.

माझं विमान आठवड्यावर आलं होतं. मी निरोप घ्यायला कोल्हारला गेले तो नेमका मुलाखतीचा दिवस निघाला. सर बाकावर पेशंटच्या रांगेत बसलेले. इस्त्रीचा शर्ट, टाय, केस ओले करून बसवलेले. उजवा हात त्यांनी डाव्याखाली दाबून धरला होता.

"काय विचारतील हो?" त्यांनी मला हळूच विचारलं.

मी त्यांच्या शेजारी बसले. मला वाटलं ते चेष्टा करत आहेत. बघितलं तर नव्हते करत.

"माहीत नाही, सर," मी म्हणाले. "मला तरी भलतंच विचारलं."

मंदाताईने नंबर पुकारला. नाव घेतलं नाही, नंबरच पुकारला, कारण रीतसर म्हणजे रीतसर. सर उठले, दारावर टकटक केली आणि आत गेले. मी आणि मंदाताई बाहेर थांबलो. आतून काहीच ऐकू येत नव्हतं. मंदाताईने उगाचच स्वच्छ असलेलं टेबल पुन्हा पुसलं.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. सर बाहेर आले, टाय सैल केला आणि बाकावर टेकले.

"कसा झाला?" मी विचारलं.

"बरा झाला. पोरं चांगली आहेत, पण घाबरतात. एकच प्रश्न अवघड होता." त्यांनी चष्मा काढून पुसला. "विचारलं, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?"

सरांचं वय त्या वेळी पंच्याहत्तरीच्या पुढे होतं. मंदाताईचं फडकं थांबलं.

"मग काय सांगितलंत?"

"म्हटलं, इथेच," सर म्हणाले. "तुम्ही टिकलात तर."